दुकानातलं हळदीकुंकू

आमच्या सोसायटीत लिफ्ट आधी आली आणि पाणी नंतर. मधल्या दीड वर्षात टँकर यायचा आणि त्याच्यामागे सुभेदार, हवालदार, नायक अशी सगळी निवृत्त फौज बादल्या घेऊन पळायची. माझे वडीलही त्यात असत. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परत जायचं की इथेच राहायचं, यावर आमच्या घरी दोन वर्षं खल चालला होता. शेवटी माझ्या कॉलेजचं निमित्त पुढे करून वडिलांनी द्वारकेत माजी सैनिकांच्या सोसायटीत फ्लॅट घेतला, एका खाजगी कंपनीत सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी धरली आणि आईला सांगितलं, "दहा वर्षांत इथं सोनं होईल बघ." आईने खिडकीतून बाहेर पाहिलं. मोहरीचं शेत होतं, त्यात सेक्टरचे नंबर लिहिलेले खांब रोवलेले होते, आणि एक म्हैस.

"सोनं होईल तेव्हा होईल," ती म्हणाली, "आज मीठ कुठं मिळतं ते सांगा."

मीठ गावात मिळायचं. सेक्टरच्या मागे जुनं गाव होतं. शेतं सरकारने घेतली होती, घरं तेवढी राहिली होती. सोसायटीच्या मागच्या भिंतीला गवंड्यांनी ये-जा करायला पाडलेलं एक भगदाड होतं. त्यातून वाकून बाहेर पडलं की गावाची गल्ली, आणि गल्लीतल्या तिसऱ्या घरात ते दुकान. त्या दुकानातल्या बाईने एकदा माझ्याकडे आईसाठी एक साधा निरोप दिला होता. तो मी पोचवला नाही. आता तिथे प्रॉपर्टी डीलरचं काचेचं ऑफिस आहे, वर चार मजले भाड्याने दिलेत, आणि माझी आईही राहिली नाही. निरोप द्यायला कुणी उरलं नाही म्हणून हे लिहीत बसले आहे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पाटी नव्हती, पाटीची गरजही नव्हती, कारण वास लांबूनच यायचा. सरसोंचं तेल, रॉकेल, गूळ आणि म्हशींची पेंड यांचा मिळून एकच वास. आत शिरलं की डोळ्यांना काही वेळ दिसायचंच नाही. मग एकेक वस्तू अंधारातून पुढे यायची. दोरखंडाची वेटोळी, कंदिलाच्या काचा, बाजरीची पोती, वेणीत घालायचे रंगीत गोंडे, लोखंडी झारे, बरणीतल्या आवळ्याच्या गोळ्या, पानिपतच्या रजया घडी करून वरच्या फळीवर. नवा जमाना आला होता त्याची खूण एवढीच, की छताच्या कडीला शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या आणि त्या आत शिरताना गिऱ्हाइकाच्या डोक्याला लागायच्या.

दुकान चालवायची ती बाई साठीच्या पुढची, उंच आणि हाडापेराने मजबूत होती. मळखाऊ रंगाचा घागरा, वर पुरुषी सदरा आणि डोक्यावरून फिकट ओढणी. गाव तिला अम्मा म्हणायचं. आई तिला बहनजी म्हणायची, आणि ती आईला फौजण. फौजण म्हणजे फौजीची बायको. आईला ते इतकं आवडलं की वडिलांना तीनतीनदा सांगून झालं.

तिची विकायची एक तऱ्हा होती. काहीही मागितलं की ती आधी विचारायची, "के बणावैगी?" काय करणार आहेस ते सांग, मग देते. गूळ हवा म्हटलं तर कशाला हवा? खीर वेगळी, चहा वेगळा, म्हशीला द्यायचा तो वेगळा. आईला पुरणपोळी सांगायची होती आणि तिचं हिंदी कॅन्टीन आणि सब्जीमंडी यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. तिने हातानेच पोळी लाटून दाखवली, त्यात पुरण भरलं, वर तूप सोडलं. अम्माने हे सगळं गंभीरपणे पाहिलं, समोरची ढेप बाजूला सारली आणि आतून दुसरी, मऊ पिवळा गूळ असलेली ढेप काढून आणली. "यो ले. वो ना ले, वो कड़वा सै." विकायला ठेवलेला माल स्वतःच कडू म्हणून सांगणारी दुकानदारीण आईने जन्मात पाहिली नव्हती. मी तर नाहीच नाही. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि मला दुकान म्हणजे काचेचं दार, एसी आणि ट्रॉली असं हवं होतं.

त्या दिवसापासून आईला आतल्या बाजूला बसायला सरकंड्याच्या काड्यांचा बुटका मुढा मिळाला. तोवर ती फार एकटी पडली होती. कॅन्टोन्मेंटमध्ये आमच्या लायनीत कोल्हापूर, सांगली, नगर, सातारा असा सगळा महाराष्ट्र राहायचा. संध्याकाळी ओट्यावर बसलं की मराठीशिवाय दुसरा शब्द कानी पडायचा नाही. इथे सोसायटीत मराठी घरं आम्ही धरून तीन, त्यातली दोन सकाळी नोकरीला बाहेर. दुपारचं घर तिला खायला उठायचं. मग ती पाव किलो शेंगदाण्यांच्या निमित्ताने भगदाडातून वाकून जायची ती दोन तासांनी परत यायची. दोघी काय बोलायच्या देव जाणे. एकीला हरियाणवी येत नव्हती, दुसरीला मराठी. हिंदी दोघींचंही यथातथाच. पण आई घरी येऊन अम्माच्या सुनांची भांडणं मला इतकी तपशीलवार सांगायची की बहुतेक सगळं कळत असावं.

एक गोष्ट मात्र कळली नाही.

दुकानासमोर कडुनिंबाखाली एक खाट असायची आणि खाटेवर हुक्का घेऊन बसलेला एक म्हातारा. पांढरा साफा, पांढऱ्या मिशा, अम्मापेक्षा वयाने बराच मोठा. पहिल्या हिवाळ्यात आई पातळ स्वेटर घालून कुडकुडत आली तेव्हा तो आमच्याकडे न बघता हवेतच बोलल्यासारखं बोलला, की मराठे पानिपताला आले तेही असेच गरम कपड्यांशिवाय आले होते, अर्धे थंडीनेच गेले, हिला एक रजई द्या. अम्माने ओढणी कपाळाखाली ओढली, शब्द न बोलता रजई काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. आई हसली आणि मग तिने ते पाहिलं, की अम्माने त्या म्हाताऱ्यासमोर तोंड झाकलं.

नंतर ती हे पाहतच गेली. गल्लीत माणसं असली की अम्मा त्याच्यासमोर ओढणी ओढायची. त्याच्याशी थेट बोलायची नाही, नातवाला नाहीतर गिऱ्हाइकाला मध्ये घालून बोलायची. तो घरात झोपायचा नाही, समोरच्या बैठकीत पुरुषांबरोबर झोपायचा, त्याचं ताटही सून तिकडेच नेऊन द्यायची. आणि अम्माचं कपाळ कोरं. गळा मोकळा. हातात काचेची बांगडी नाही, चांदीचं एक जाड कडं तेवढं. सुना लाल-पिवळ्या आणि ही फिकट. आईने दोन आणि दोन चार केले.

"बिचारी," रात्री भाकरी थापता थापता तिने वडिलांना सांगितलं. "नवरा नाही तिला. दिराच्या आधारानं राहते. थोरला दीर असणार, पदर घेते त्याच्यापुढं."

"विचारलंस का?" वडील म्हणाले.

"असं कुणी विचारतं होय?"

खरंच, असं कुणी विचारत नाही. नवरा कधी गेला, असं आमच्याकडे बाईला तोंडावर विचारायची पद्धत नाही. आणि आपला नवरा तो हाच, असं बोट दाखवून सांगायची पद्धत तिच्याकडे नव्हती. दोघीही आपापल्या जागी रीतीने वागत होत्या. मला त्या दोघींचा राग करता येत नाही, पुष्कळदा प्रयत्न करूनही.

संक्रांत आली. आईचं हळदीकुंकू म्हणजे कॅन्टोन्मेंटमध्ये तीस-चाळीस बायकांचा मेळा असायचा. या वर्षी सोसायटीतल्या सात-आठ जणी आल्या, त्यातल्या पंजाबिणींनी तिळगुळाची तारीफ केली आणि लवकर निघाल्या. उरलेली वाणं पाहून आईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने तबक झाकलं, मला ओढलं आणि दुकानात गेली. थंडीचे दिवस, सकाळची धुक्याची चादर जरा उठली होती, दुकानाच्या पायरीवर अम्माच्या दोन्ही सुना आणि शेजारच्या तीन-चार बायका उन्हाला बसल्या होत्या. आई एकेकीच्या पुढे गेली, हळद लावली, कुंकू लावलं, अत्तराचं बोट मनगटाला लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. बायका खळखळून हसत होत्या, एकमेकींची कपाळं बघत होत्या. सगळ्यांत शेवटी अम्मा. तिने गल्ल्यामागून उठून ओढणी मागे सरकवली आणि मान जरा पुढे केली.

आईने तबक माझ्या हातात दिलं. अम्माच्या ओंजळीत तिळगूळ ठेवला, वाटी ठेवली, आणि खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. कुंकू तेवढं लावलं नाही.

आईच्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे, कारण परत येताना तिने सांगितलं. विधवेला डावललं असं तिला वाटू द्यायचं नव्हतं. म्हणून वाण दिलं. आणि ज्याने तिला आतून दुखेल ते केलं नाही, म्हणून कुंकू टाळलं. पाया पडली ती त्याची भरपाई म्हणून. आई चौथी शिकलेली होती, पण माणसाचं मन जपायचं तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अम्माने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "राजी रह," म्हणाली आणि ओढणी पुन्हा पुढे घेतली.

असं चार संक्रांतींना झालं. दर वर्षी तीच पायरी, त्याच बायका, त्यांच्यात एखादी नवी सून. दर वर्षी आई अम्मापाशी आली की तबक माझ्या हातात द्यायची. दुसऱ्या वर्षी अम्माने मान पुढे केली नाही, हात तेवढे पुढे केले. वाणाच्या वस्तू मात्र ती वापरायची नाही. वाटी, प्लास्टिकचा डबा, गाळणी, चहाचा चमचा अशा साताठ रुपयांच्या वस्तू तिने गल्ल्यामागच्या फळीवर ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि कुणी किंमत विचारली की, "यो बेचण के कोन्या," हे विकायचं नाही, म्हणून हाकलायची.

या चार वर्षांत बाहेरचं सगळं बदलत होतं. मोहरी गेली, तिथे नऊ मजली टॉवर आले. भगदाड बुजवून तिथे लोखंडी फाटक आणि गार्ड आला. मेट्रोचे खांब उभे राहायला लागले. सेक्टरच्या मार्केटात काचेच्या दाराचं दुकान आलं, तिथे गूळसुद्धा छापील पिशवीत मिळायचा आणि कशाला हवा म्हणून कुणी विचारायचं नाही. मी खूश होते. मी बी.ए. झाले, इंग्रजी बोलण्याचा कोर्स केला आणि नोएडात एका मोठ्या ऑफिसात मला नोकरी लागली.

कामावर रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, दिवाळीच्या जरा पुढेमागे, आईने मला दुपारी खसखस आणायला पाठवलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खाट आज बाहेर नव्हती, दुकानाच्या आत ओढलेली होती. त्यावर तो म्हातारा खोकत पडला होता आणि अम्मा त्याच्यापाशी बसून चमच्याने काढा पाजत होती. ओढणी डोक्यावरून खांद्यावर पडलेली. केस पांढरे, विरळ, मी पहिल्यांदाच पाहिले. तो तोंड फिरवत होता आणि ती त्याला आपल्या तारुण्यातल्या कुठल्या तरी गोष्टीवरून झापत होती. तो खोकता खोकता हसत होता. दिराशी असं कुणी बोलत नाही, एवढं मलाही कळत होतं.

मी हिंदीत, थोरल्या दिरासाठी त्यांचा शब्द वापरून, विचारलं, "अम्मा, ये आपके जेठ हैं ना?"

ती चमचा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली की तिला ओढणीने डोळे पुसावे लागले. म्हाताऱ्यालाच सांगायला लागली, ऐकलं का, ही तुला माझा जेठ करते. "मेरा घरआळा सै, छोरी. ब्याह नै पैंतालीस साल हो लिए." माझा नवरा आहे हा, पोरी, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली.

मी म्हणाले, पण तुम्ही तर टिकली, बांगडी काही नाही. ती म्हणाली, टिकली शहरातल्या बायकांची. आमच्यात म्हातारीने नटायचं कशाला, सुना आल्या की नटणं सुनांचं. आणि चारचौघांत घरधन्यापुढेही ओढणी ओढायचीच, त्यानं पुरुषांच्या बैठकीतच झोपायचं, ही गावाची रीत. हे सांगता सांगता तिचं हसू थांबलं. तिने चमचा पेल्यात ठेवला.

"एक बात बता," ती म्हणाली. "तेरी मां सबकै टीका लावै सै. मेरै क्यूं नी लावती?"

ती म्हणाली, तिला वाटलं होतं दुकान चालवणाऱ्या बाईला मराठ्यांत लावत नसतील. मग वाटलं आपलं काही चुकलं. मोठ्या सुनेने एकदा चिडवलंही होतं, की फौजण तुझ्या पाया पडते पण तुझं कपाळ बघत नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते, पण तो ऐकत होता.

माझ्यातली हुशार मुलगी लगेच पुढे आली. मी म्हणाले, "वो तो अम्मा, बस जवान औरतों को लगाते हैं." खोटं तर खोटं, आईची लाज राहिली. जिवंत नवऱ्याच्या बायकोला चार वर्षं विधवा समजलो, हे त्या नवऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून कोणत्या तोंडाने सांगणार होते?

अम्माने माझं खोटं निमूट ऐकून घेतलं. खसखस तोलली, पुडी बांधली, वर चिमूटभर जास्तीची घातली. पुडी देताना माझं मनगट धरलं आणि हळूच, म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "मां नै कह दिये, इबकै बूढ़ी कै भी ला दे."

आईला सांग, या वेळी म्हातारीलाही लाव. एवढाच निरोप होता.

मी हो म्हणाले. घरी आले तर आई फोनवर साताऱ्याच्या मावशीशी बोलत होती. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वडील समोर होते. नंतर नोकरी सुरू झाली, पहाटे साडेपाचला कॅब यायची, संध्याकाळी घरी येईपर्यंत माझा भुगा झालेला असायचा. मी स्वतःला पुष्कळ वर्षं असं सांगत आले की आईला धक्का बसेल म्हणून मी थांबले. ते खरं नाही. खरं हे, की मला त्या सगळ्याची लाज वाटायची. कोण सवाष्ण, कोण विधवा, कुणाच्या कपाळाला काय लागलं, या खुळचटपणातून मी बाहेर पडले होते असं मला वाटत होतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली जीन्स घालून परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलत होत्या आणि मी घरी येऊन कुंकवाचे निरोप सांगू? एका म्हातारीला काय हवंय हा प्रश्न मला पडलाच नाही.

आणि मी विसरलेही नव्हते. संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी बुटाची नाडी बांधत होते तेव्हा आई पहाटेच उठून तबक पुसत होती. "येतेस का गावात? तुझी अम्मा विचारते रोज, छोरी कुठंय म्हणून." तेव्हा मला सगळं लख्ख आठवलं. तोंड उघडलं तर एक वाक्याचं काम होतं. खाली कॅबने हॉर्न दिला. मी म्हणाले, "आई, ऑफिस आहे," आणि गेले.

त्या दिवशी तबक धरायला मी नव्हते. अम्मापाशी आल्यावर आईने ते कुणाच्या हातात दिलं, हे मी कधी विचारलं नाही.

होळीनंतर म्हातारा गेला. दूधवाल्याने सांगितलं. मी कामावर होते, आई-वडील भेटायला गेले. मी घरी आले तेव्हा आई बाल्कनीत जमिनीवर बसली होती. वडील दारात उभे राहून म्हणत होते, अगं अंघोळ तरी कर, मयताच्या घरून आलीस. ती हलत नव्हती. मला पाहिल्यावर म्हणाली, "तो तिचा नवरा होता."

मी पर्स खाली ठेवली.

"बायका रडत होत्या, सुहाग गेला म्हणत होत्या. मला आधी कळेना कुणाचा. मग तिच्या हातातलं कडं काढलं." आई स्वतःच्या हातातल्या बांगड्या फिरवत होती. "पाच वर्षं. पाच वर्षं मी सवाष्ण बाईला विधवा करून ठेवली गं. जित्या नवऱ्यासमोर." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "तू हिंडतेस त्यांच्यात, तुला कळतं त्यांचं बोलणं. तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले.

आई त्यानंतर दुकानात जाईना. काचेच्या दाराच्या दुकानातून छापील पिशवीतला गूळ आणायला लागली. त्याची पुरणपोळी बिघडली तरी बोलली नाही. तिला वाटायचं आपल्या हातून अशुभ घडलं, आपण त्या बाईचं कुंकू पुसायला आधीपासूनच बसलो होतो. वडिलांनी समजावलं, मीही समजावलं, मोठ्या शहाणपणाने, की माणूस आजाराने गेला, याच्याशी त्याचा काय संबंध. ती ऐकून घ्यायची. रात्री उठून देवापाशी बसलेली दिसायची. एवढं होऊनही मी तोंड उघडलं नाही. आता सांगितलं तर आधीचं नाही म्हणणंही सांगावं लागलं असतं.

मे महिन्यात एका रविवारी तिने लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल. मला तिची माफी मागायची आहे. माझं हिंदी पुरायचं नाही, मी मराठीत बोलते, तू तिला सांग."

दुकान उघडं होतं. अम्मा गल्ल्यामागे बसली होती, ओढणी आता पांढरी. आमच्याकडे पाहून तिने मुढा पुढे ओढला. आई बसली नाही. ती मराठीत बोलायला लागली, थांबत थांबत, आणि मी एकेक वाक्य हिंदीत करून सांगत गेले. आमच्यात कपाळ कोरं असलं की नवरा नाही असं समजतात. मी तसं समजले. मुद्दाम केलं नाही. तुम्हाला दुखवायचं नव्हतं. माझ्या हातून पाप झालं. अम्मा आईच्या तोंडाकडे बघत ऐकत होती, मधूनमधून मान हलवत होती. आईने कनवटीची कुंकवाची डबी काढली, हातात धरली आणि मला म्हणाली, "विचार तिला, आता लावलं तर चालेल का. लोक काही म्हणोत."

मी विचारलं. तोच खुळचटपणा, आणि मी तो आता जीव तोडून विचारत होते, मला तिने हो म्हणायला हवं होतं.

अम्माने आईची मूठ डबीसकट आपल्या दोन्ही हातांत धरली आणि मिटवली. "इब ना, फौजण," ती म्हणाली. आता नाही.

आईला रडू कोसळलं. रडता रडता म्हणाली, "मला कुणीच सांगितलं नाही गं. एका शब्दानं कुणी सांगितलं असतं तरी मी धावत आले असते. सांग तिला."

मी फळीवर मांडलेल्या वाणांकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग ना."

मी सांगितलं. "मम्मी कह रही हैं, उन्हें किसी ने बताया नहीं."

अम्माने पहिल्यांदाच आईवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, एवढं मला कळलं. निरोप पोचलाच नव्हता हेही, आणि शेजारी उभी असलेली आई अजून अंधारातच आहे हेही. मी मान खाली घातली आणि वाट पाहत राहिले, की आता ती बोलेल. बोलावं असंही वाटत होतं.

तिने आईकडे तोंड वळवलं. "तन्नै बेरा क्यूकर होता?" ती शांतपणे म्हणाली. "मन्नै भी तो किसे तै कही कोन्या."

"काय म्हणाली?" आईने ओल्या डोळ्यांनी मला विचारलं.

"त्या म्हणतात, तुला कसं कळणार," मी म्हणाले. "त्यांनीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं."

आई मुढ्यावर बसली. महिन्यादीड महिन्यात पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. पदराने डोळे पुसत ती मला म्हणाली, "बघ किती मोठ्या मनाची आहे. अशा माणसाशी कधी खोटं वागू नये." अम्माला ते कळलं नाही. तिने मला विचारलं, मां काय म्हणते, आणि तेही मला हिंदीत सांगावं लागलं.